दारामागचा बाक

अन्याय झाला तो आठवीतल्या एका मुलीवर. जून संपत आला होता, शुक्रवार होता, मधली सुट्टी संपल्याची घंटा होऊन मुलं नुकतीच आत आली होती. त्या तासाला तिला पुढच्या बाकावरून उठवलं आणि दारामागच्या एकट्या बाकावर नेऊन बसवलं. ती मुलगी मी. बसवणारे आमचे वर्गशिक्षक. अख्खा वर्ग बघत होता.

गावाचं नाव लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं सुटतात म्हणून. तापीच्या बाजूचं, सपाटीवरचं, बाजाराचं मोठं गाव एवढं पुरे. नंदुरबार जिल्ह्यात अशी गावं तुम्हाला शोधावी लागणार नाहीत.

मी नवापूरच्या डोंगरातली. आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंत. घरी आम्ही कोकणी बोलतो. समुद्राकाठची नाही, आमची डोंगरातली. बा थोडी भातशेती करायचा आणि उरलेलं वर्ष गुजरातेत बांधकामावर जायचा. पुढं शिकायचं तर सरकारी वसतिगृह होतं, आणि जागा मिळाली ती दूर, सपाटीवर. बाने पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, एसटीत ठेवली, वसतिगृहाच्या दारात उतरवली आणि म्हणाला, "जमलं तर राहा. नाही जमलं तर ये. पण आधी जमव." मग तो त्याच एसटीनं परत गेला.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्याकडे माणूस चार लोकांत आला की बसण्याआधी सगळ्यांना हात देतो, एकेकाशी हात मिळवतो. घरात येवो, अंगणात येवो, मयताला येवो, लग्नाला येवो. म्हाताऱ्याला देतो, बाईला देतो, मांडीवरच्या लेकरालाही देतो. आमच्या पाड्यावर हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, हात दोघंही देतात. न देता बसलं तर लोक समजतात, याचं आपल्याशी भांडण आहे. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. चालायला लागल्यावर हात द्यायलाही लागतो आपण, बस.

वर्गात पोचायला मला एक दिवस उशीर झाला होता. बाकीचे आदल्या दिवशी जागा धरून बसले होते. मी दारातून आत गेले, दप्तर खाली ठेवलं आणि पहिल्या बाकापासून हात द्यायला सुरुवात केली.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं माझी बोटं टोकाला धरली आणि सोडली. दोन घट्ट वेण्या, पांढऱ्या रिबिनी, पाटलाच्या घरची, बापाची केळीची बाग. दुसरीनं हात मागे घेतला. तिसरीला हसू आलं, ते तिनं ओढणीत कोंबलं. मला वाटलं, लाजतात. मी पुढं गेले, मुलांच्या रांगेत. तिथं एकानं माझा हात धरला आणि सोडेचना.

"आते कसं! लगीन व्हई गयं ना तुन्हं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"एकलासंगे का? हाई तं सर्वासना हात धरी ऱ्हायनी!"

वर्ग खदखदला. मला अहिराणी तेव्हा अर्धीमुर्धी कळायची. पण हसणं कळायला भाषा लागत नाही. तेवढ्यात वर्गशिक्षक आले. ते इतिहास शिकवायचे आणि खेळाचा तासही घ्यायचे. मला वाटलं मोठं माणूस आलं, आता नीट होईल. मी त्यांच्यासमोर गेले आणि हात पुढं केला.

त्यांनी माझ्या तळहाताकडं पाहिलं. "काय पाहिजे?"

मला काहीच नको होतं. मी हात तसाच धरून उभी राहिले.

"इथं हात जोडायचे," सर म्हणाले. "द्यायचे नाहीत. बस खाली."

मी त्या वेण्यावालीच्या शेजारी बसले, कारण तिथंच जागा होती. पहिल्या दिवशी एवढंच झालं. एवढंच होऊन संपलं असतं तर मी आज हे लिहीत नसते.

पण मग रोज सुरू झालं. मी रांगेतून चालले की दोन्हीकडून हात बाहेर यायचे. "दे ना वं!" "मन्हा ऱ्हायना ना वं, माले नही देस का?" मी मान खाली घालून जायचे. एकदा एकानं चेहरा इतका सरळ ठेवून हात पुढं केला की मला वाटलं, हा खराच देतोय. मी दिला. त्यानं तळहाताला डिंक फासला होता. हात सुटेना, बाक वाजायला लागले, कुणी शिट्ट्या मारल्या, आणि शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

तोच तो शुक्रवार. सरांनी विचारलं, "गोंधळ कशामुळं?" कुणीतरी माझ्याकडं बोट केलं. डिंकवाल्याचा सुटलेला हात बाकाखाली होता. सरांनी दारामागं बघितलं. तिथं एक जुना बाक होता, एका माणसापुरता, प्रयोगशाळेतून काढून टाकलेला. "तू तिथं बस. वर्गात शांतता राहील."

खरंच राहिली. म्हणून मग मी तिथंच राहिले.

संध्याकाळी वसतिगृहाच्या गृहपालबाईंनी बोलावलं. शाळेतून फोन आला होता. बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. "हे बघ बाळा, पोरांच्या अंगचटीला जायचं नाही. पुन्हा तक्रार आली तर तुझा दाखला काढून घरी पाठवावं लागेल मला. मग वडिलांना काय सांगशील?"

मी अंगचटीला गेले नव्हते. पण त्या वाक्याला उत्तर द्यायला लागणारी मराठी माझ्याकडं नव्हती. माझ्याकडं होती ती पुस्तकातली मराठी: 'सूर्य पूर्वेस उगवतो.' तिनं भांडता येत नाही. आणि एक नक्की कळलं, आता तोंड उघडलं तर शाळा संपली. बा तिकडं विटा उचलत होता आणि त्याला वाटत होतं, मला जमतंय.

त्या बाकाबद्दल सांगते. दार आतल्या बाजूला उघडायचं. उघडलं की ते माझ्या बाकाला येऊन टेकायचं आणि मी झाकली जायचे. फळ्याचा डावीकडचा भाग दिसायचा नाही. सर हजेरी घ्यायचे तेव्हा दाराच्या फळीमागून "हजर सर" म्हणायचे मी, आणि कुणीतरी हमखास हसायचं, कारण दार बोलल्यासारखं वाटायचं. विज्ञानाला जोड्या करायच्या असल्या की जोड्या व्हायच्या आणि मी उरायचे. विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, "तू बघ नुसती." मी बघायचे. लिटमस कागद लाल झालेला मी लांबून पाहिलाय. माझ्या हातात एकही झाला नाही.

वसतिगृहात तरी कुणी असेल असं तुम्हाला वाटेल. होत्या. पण सगळ्या अकरावी-बारावीच्या, अक्राणीच्या डोंगराकडच्या, आपसात पावरी बोलायच्या. सपाटीवरच्या लोकांना आम्ही सगळ्या एकच वाटायचो, 'डोंगरातल्या'. पण त्यांचं बोलणं मला कळायचं नाही, माझं त्यांना. त्या माझ्या वेण्या घालून द्यायच्या, ताटात जास्तीची भाजी वाढायच्या आणि पुन्हा त्यांच्या गप्पांत जायच्या. मी त्यांच्या मधोमध झोपायचे आणि दिवसभरात कुणाशी काय बोलले ते आठवायचे. बऱ्याचदा 'हजर सर' एवढंच निघायचं.

रविवारी गृहपालबाईंच्या मोबाईलवरून बाशी बोलता यायचं. त्याच्यामागं काँक्रीट ढवळायच्या मशीनची घरघर असायची.

"जमतंय का?"

"जमतंय."

"जेवलीस?"

"जेवले."

"मैत्रीण झाली का कुणी?"

"झाली."

कोण, असं त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते, दार?

हळूहळू मी शिकले. आठवीत मुलं बीजगणित शिकतात, मी हात शिकले. दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी छातीशी धरून चालायचं, म्हणजे हात आपोआप पुढं जात नाही. सर दिसले की जोडायचे. मुलगा समोरून आला की भिंतीकडं बघायचं. दारामागं बसून कान तेवढे मोकळे होते, त्यामुळं अहिराणी आली, वर्गातली मराठी आली, कोण कुणाला काय चिडवतं ते आलं. दिवाळीच्या आधी सर शिपायाला म्हणाले, "ही पोरगी बरीच सुधारली." मी बिघडले कधी होते, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

दिवाळीत घरी गेले. पाड्यावर उतरले तेव्हा शेजारची काकू भात झोडपत होती. कामातून उठली, हात लुगड्याला पुसला आणि पुढं केला. माझे दोन्ही हात पट्ट्यावर होते. ते सुटायला वेळ लागला. काकू थांबली. "रागावलीस का गं आमच्यावर?" तिनं विचारलं. मी पट्टा सोडून तिचा हात धरला आणि तिथंच रडायला लागले. तिला वाटलं, एसटी लागली असेल. तिनं मला पाणी दिलं.

हे मी मुद्दाम लिहितेय. 'मुलं रुळतात' म्हणता ना तुम्ही? रुळताना काय काय गळून पडतं, ते शाळेला दिसत नाही. ते घरी गेल्यावर दिसतं.

दिवाळीनंतर परत आले. बाने आणलं नाही, मीच आले. थंडी पडली. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी लागल्या, लांबपर्यंत लाल. वारा इकडं फिरला की शाळेत ठसका यायचा. सर शिंकायचे, वर्ग शिंकायचा, दारामागं मी शिंकायचे. सगळ्यांच्या बरोबरीनं मी काही करत असेन, तर ते तेवढंच.

मग खो-खोचे तालुक्याचे सामने आले. आमच्या शाळेच्या मुलींच्या संघातल्या एकीला ताप भरला. राखीव मुलीच्या घरी लग्न होतं. सर वर्गात येऊन म्हणाले, "बूट कुणाकडं आहेत?" मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वसतिगृहातून पांढरे कॅनव्हासचे मिळाले होते. सरांनी दार जरा ओढलं, माझे पाय बघितले. "चल."

लोकांना वाटतं, डोंगरातली पोर म्हणजे हरणासारखी पळणार. मी खो मिळाल्यावर उलट्या बाजूला वळले. पंचांनी शिट्टी मारली. पुन्हा मिळाला, पुन्हा वळले, पुन्हा शिट्टी. वेण्यावाली संघाची कप्तान होती. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "अवं, डोकं घर सोडी उनी का तू?" महिनोन्‌महिने माझ्याशी न बोललेल्या मुलीचं ते मला उद्देशून पहिलं वाक्य. शिवीसारखंच होतं, तरी मला बरं वाटलं. आम्ही दणकून हरलो.

सामना संपला. आमच्या मुली रडायला लागल्या, काही दोरीपाशी जाऊन पाठ करून बसल्या. समोरच्या मुली उड्या मारत होत्या. मी मैदानाच्या मध्ये उभी होते. इतका वेळ पळाल्यावर डोकं चालत नाही, फक्त शरीर चालतं, आणि दप्तराचा पट्टा गळ्यात नव्हता. मी समोरच्या संघाकडं गेले आणि एकेकीला हात दिला. त्यांनी घेतला. त्यांच्या शिक्षकांना दिला. गुणलेखकाला दिला. शेवटी पंचांना दिला. पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी असलेला माणूस. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "वा! जिंकलेले येतात हात मिळवायला, हरलेली पोर पहिली आलेली मी बघितली नव्हती. कुणाची ही?"

आमचे सर पुढं झाले. "आमची. खिलाडूवृत्ती आम्ही पहिल्या दिवसापासून शिकवतो."

पहिल्या दिवसापासून. मी तिथंच उभी होते. शब्द न्‌ शब्द ऐकला.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मला पुढं बोलावलं. सर माईकवर बोलले. हरलो तरी शाळेची मान उंचावली, संस्कार, वगैरे. पालकांच्या ग्रुपवर टाकायला फोटो हवा होता. शिपायानं मोबाईल धरला, आणि सरांनी माझ्यासमोर हात केला. जूनमध्ये ज्याला 'काय पाहिजे' विचारलं होतं, तोच माझा हात. मी दिला. फोटो निघेपर्यंत त्यांनी धरून ठेवला, मग सोडला. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. डिंकवालाही.

टाळ्या संपल्या. आम्ही वर्गात गेलो. प्रत्येक जण आपापल्या जागेवर बसला, आणि माझी जागा अजूनही दारामागंच होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पहिल्यांदा राग आला. इतके महिने मी दुःखी होते, घाबरलेली होते. राग नव्हता. राग यायला आपलं बरोबर आहे हे आधी माहीत असावं लागतं, आणि ते मला माईकवरून कळलं होतं. मी माझ्या बाकाकडं गेले नाही. पुढच्या बाकाशेजारी, जिथून उठवलं होतं तिथं, उभी राहिले.

सर म्हणाले, "बस की."

"इथं बसते, सर."

"तुझी जागा तिकडं आहे."

"ती गोंधळासाठी होती, सर. मी हात दिला म्हणून. काल पण हातच दिला."

मला गृहपालबाईंचा चेहरा दिसत होता. दाखला, पत्र्याची पेटी, एसटी. तरी मी उभी राहिले. सर पुस्तकाची पानं उलटत राहिले. "ते वेगळं. मैदान वेगळं, वर्ग वेगळा."

"काय वेगळं, सर?"

हे मी उद्धटपणे विचारलं नव्हतं. मला खरंच कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.

तेव्हा वेण्यावालीनं तिचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं. "सर, तिले बसू द्या ना आठे. मन्हाजोडे जागा शे." मग माझ्याकडं न बघता, हळूच, "बस वं लवकर. तास चुकी ऱ्हायना."

सर 'बस' म्हणाले नाहीत, 'नको' म्हणाले नाहीत. फळ्याकडं वळले आणि धड्याचं नाव लिहायला लागले. मी बसले. फळ्याची डावी बाजू कितीतरी महिन्यांनी दिसली. तिथं सुविचार असायचा, ते मला माहीतच नव्हतं.

मधल्या सुट्टीत वेण्यावाली डब्यातली शेव माझ्याकडं सरकवत म्हणाली, "पहिला दिन तू हात पुढं करा ना, माले वाटनं तू काही मांगी ऱ्हायनी."

"काही मागत नव्हते."

"मंग आगुदर सांगनं ना वं."

मी आधी सांगायला हवं होतं म्हणे! मला हसू आलं. तिलाही आलं. आमची मैत्री झाली, पण तुम्ही समजता तशी नाही. तिच्या घरी मी कधी गेले नाही, तिनं कधी बोलावलं नाही. तिच्या आईला आवडलं नसतं हे दोघींना माहीत होतं, ते बोलायची गरज पडली नाही. पण जोड्या करायच्या असल्या की ती माझ्याकडं वळायची. वर्ष संपता संपता लिटमस एकदाचा माझ्या हातात आला.

निकालाला बा आला. मी पास झाले होते, मराठीत बरे गुण होते. सर बाला म्हणाले, "पोरगी छान रुळली हं." बाने खुश होऊन हात पुढं केला. सरांनी घेतला. बा एसटीत सगळ्या वाटेवर सांगत होता, सर किती चांगले, हात दिला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. त्याला काय सांगू, आणि का सांगू?

रुळले मी. शाळा कुठं रुळली? कुणी विचारलं का, तुमच्याकडे हात कसा देतात, का देतात? विचारायला एक मिनिट लागलं असतं. ते एक मिनिट वाचवायला माझा पावसाळा आणि अर्धा हिवाळा गेला. बरं, बूट नसते तर? राखीव मुलीच्या घरचं लग्न पुढं गेलं असतं तर? पोट सुटलेला पंच त्या दिवशी चिडका निघाला असता तर? मी टिकले ती कुणाच्या चांगुलपणानं नाही, योगायोगानं. माझ्यासारख्या जितक्या पोरी दिवाळीला घरी गेल्या आणि परत आल्या नाहीत, त्यांना बूट मिळाले नसतील. त्यांच्याबद्दल शाळा म्हणते, 'रुळली नाही.'

आणि बाक? नववीच्या पहिल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, आठवीच्या वर्गावरून जात होते. दार उघडं होतं. मी उगाच आत डोकावले आणि दार जरा ओढलं. बाक तिथंच होता. त्यावर एक मुलगी बसली होती, धडगावकडची, अक्राणीच्याच डोंगरातली, पेन्सिल दोन्ही मुठींत घट्ट धरून.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

तिला मराठी जुळवायला वेळ लागला. सकाळी तास चालू असताना तिला तहान लागली. ती उठली, बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. न विचारता. तिच्या घरी पाणी प्यायला कुणी परवानगी मागत नाही.

मी तिला हात दिला. तिनं घेतला नाही, ती घाबरली. तिच्याकडं ती पद्धत नाही. मग मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, घंटा होईपर्यंत. दुसरं काय करायचं ते मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं, म्हणून तुम्हाला सांगते.

तुमच्या गावात हायस्कूल आहे. जूनमध्ये ते उघडतं. तुम्ही पालक असाल, शाळा समितीवर असाल, माजी विद्यार्थी असाल, नाहीतर नुसते त्या रस्त्यानं जाणारे असाल. आठवीच्या वर्गात जा. दार पूर्ण उघडा, मग ओढून मागं बघा. तिथं कुणी एकटं बसलेलं असेल तर त्याला काही विचारू नका, त्याला उत्तर देता येणार नाही. मुख्याध्यापकांना विचारा: इथं कुणी बसवलं, कशासाठी, आणि परत कधी उठवणार? 'मूल रुळेल हळूहळू' असं म्हणतील. ते ऐकून घरी जाऊ नका. त्या मुलाला दुसऱ्या मुलाशेजारी जागा मिळेपर्यंत आणि तो बाक वर्गाबाहेर निघेपर्यंत तिथंच उभे राहा.